बारा आणे

डावा डोळा सातपूरला गेला, लेथवर.
बिडाची कपची, तांदळाच्या कणीएवढी.
चष्मा कपाळावर होता.
हे मी कुणाला सांगत नाही.

पुढचे दोन महिने चहा कपाच्या बाहेर.
जिन्याची शेवटची पायरी कधी नसायचीच,
कधी दोनदा यायची.
ज्या हातानं वीस वर्षं शतांश मिलिमीटर धरला
तो मिठाच्या बरणीच्या चार बोटं अलीकडेच मिटायचा.
मालन काही बोलायची नाही,
फडकं हाताशी ठेवायची.

वरच्या मजल्यावर गायधनी सर.
आधी शाळेत विज्ञान शिकवायचे,
निवृत्त झाल्यापासून जो सापडेल त्याला.
एका रात्री गच्चीवर म्हणाले,
अंगठा धर समोर, एक डोळा मीट, आता तो उघडून दुस...
आणि जीभ चावली.
म्हटलं, सर, मिटलेलाच आहे. पुढचं सांगा.

मग त्यांनी मला चालवलं.
गच्चीच्या या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत,
नजर टाकीच्या पाइपावर,
पाइपामागं लांब पांडवलेण्याचा डोंगर, काळा.
मी सरकलो तसा पाइप सरकला, उलटा.
डोंगर ढिम्म.
जवळचं सरकतं, लांबचं बसून राहतं.
किती सरकलं ते मोज, तू किती चाललास ते मोज,
लांबी हातात येते. याला पराशय म्हणतात.
दोन डोळे लागत नाहीत, सर म्हणाले,
दोन जागा लागतात.

गोदेला पूर आला की सगळं नाशिक एकच विचारतं,
दुतोंड्या मारुतीच्या कुठवर?
गुडघा, कंबर, गळा.
वर असा कुणी उभा नाही
ज्याच्या कमरेवरून अंधार मोजावा.
म्हणून पृथ्वीच चालते.
तिलाही एकच डोळा समज, सर म्हणाले,
सहा महिन्यांनी सूर्याच्या पलीकडच्या कठड्याला जाते
आणि तोच तारा पुन्हा बघते.
माघातल्या पहाटे एक खूण, श्रावणाच्या तिन्हीसांजेला दुसरी.
म्हटलं, श्रावणात नाशकात कुठले तारे?
तर म्हणाले, ज्यांनी मोजलं
त्यांच्या डोक्यावर आपले ढग नव्हते.

दक्षिणेला, डोंगराच्या वर हातभर,
ज्येष्ठ महिन्यात दहा-साडेदहाला एक पिवळसर तारा येतो.
मित्र नाव त्याचं. रात्रीच्या ताऱ्यांत,
डोळ्यांना दिसणाऱ्यांत, सगळ्यात जवळचा.
किती सरकतो? मी विचारलं, सूत, दोन सूत?
सरांनी खिशातून रुपया काढला,
जुना, मोठा, स्टीलचा.
हा पांडवलेण्यावर नेऊन ठेव
आणि इथून, सातपुरातून, बघ.
एवढा दिसेल तेवढाही नाही.
बारा आणे.

बारा आण्यांवरून त्यांनी काढलं
की त्याचा उजेड इथं यायला सव्वाचार वर्षांहून जास्त लागतात.
सर बोटांवर मागं मोजू लागले,
म्हणजे हा उजेड तिथून निघाला तेव्हा तुझा...
म्हटलं, सर, ते राहू द्या.
ते राहू दिलं त्यांनी.

पण त्या रात्री मी बराच वेळ
या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत चालत होतो.
तारा काही हलला नाही. हलणार नव्हताच.
पाइप हलत होता, दोरीवरची मालनची साडी हलत होती,
शेजारच्यांची अँटेना,
आणि प्रत्येक गोष्ट आपापल्या अंतरावर जाऊन उभी राहत होती
जशी शिफ्ट सुटल्यावर माणसं आपापल्या सायकलपाशी.

आता चहा ओतण्याआधी मी मान हलवतो,
जरा डावीकडे, जरा उजवीकडे.
कप किती सरकला ते बघतो, मग किटली वाकवतो.
पाहुणे आले की मालन हसते,
म्हणते, कपालाच नाही नाही म्हणतो हा माणूस.
फडकं मात्र अजून हाताशी असतं.
परवा तिला सुई ओवून दिली.
तिसऱ्या खेपेला.